आधी लिहा, मग सांगा!

मराठी विभाग म्हटला की कविता, एखादं प्रवासवर्णन आणि मेसच्या भाजीवर एक विनोदी लेख, ही आपली परंपरा. त्यात सर्व्हरवरचा लेख बघून पान उलटणाऱ्यांना विनंती, जरा थांबा. गेल्या सेमला सबमिशनच्या आदल्या रात्री ज्यांची असाइनमेंट गायब झाली, त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या आहेत. आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

झालं असं. आपल्या लॅबमध्ये साठवणुकीचा एक सर्व्हर आहे. त्यावर झेडएफएस ही फाइल सिस्टिम चालते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ साली हिचं काम सुरू झालं. आज तिचा ओपनझेडएफएस हा मुक्त अवतार जगभर वापरतात. आपल्याकडे त्यावर दोन कामं आहेत. एक, सगळ्यांच्या फाइलींचं शेअर फोल्डर. दोन, शेजारच्या सर्व्हरवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क. सबमिशनचं पोर्टल अशाच एका मशीनवर आहे, आणि ते रडतखडत चालायचं.

लॅब सांभाळणाऱ्या आम्हा तिघांपैकी मी शहाणपणा केला. 'सिंक' नावाचं सेटिंग 'डिसेबल्ड' करून टाकलं. पोर्टल एकदम सुसाट! दोन दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो. तिसऱ्या रात्री लाइट गेली. पोर्टलचा सर्व्हर यूपीएसवर होता, साठवणुकीचा मात्र साध्या सॉकेटवर. पाच मिनिटांत लाइट आली, पण पोर्टलच्या डेटाबेसचा पार बोऱ्या वाजला होता. शेवटी आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून पोर्टल उभं केलं, आणि स्क्रीनवर 'जमा झाले' असं वाचून निवांत झोपलेल्या पोरांना उठवून पुन्हा अपलोड करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. निम्म्यांचं म्हणणं, लॉगसाठी वेगळं कार्ड घ्या, लगेच घ्या. बाकीच्यांचं म्हणणं, एक यूपीएस जोडा आणि सेटिंग तसंच राहू द्या, स्पीड मस्त आहे. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे, आणि ते समजायला गेटबाहेरच्या टपरीवर जाऊ.

टपरीवरचे काका चार-पाच जणांचा हिशोब डोक्यात ठेवतात आणि जरा उसंत मिळाली की पक्क्या वहीत उतरवतात. झेडएफएसही तेच करते. आलेला डेटा रॅममध्ये गोळा करते आणि साधारण दर ५ सेकंदांनी एकगठ्ठा डिस्कवर टाकते. बहुतेक गिऱ्हाइकांना हे चालतं. पण एखादा उधारी चुकती करतो आणि म्हणतो, "काका, पैसे मिळाले असं आत्ताच्या आत्ता लिहा. लिहिल्याशिवाय मी हलणार नाही." मग काका हातातला चहा बाजूला ठेवून कच्च्या वहीत नोंद करतात आणि म्हणतात, "लिहिलं रे बाबा, जा आता." या हट्टालाच म्हणतात सिंक राइट, आणि ती कच्ची वही म्हणजे झेडएफएसचा इंटेंट लॉग.

गंमत म्हणजे पक्की वही काका नंतर डोक्यातूनच भरतात. कच्ची वही उघडायची वेळ येते ती फक्त काका चक्कर येऊन पडले तरच! ही वही प्रत्येक पूलमध्ये असतेच, त्याच डिस्कवर. वेगळं कार्ड घेणं म्हणजे तीच वही जास्त जलद जागी ठेवणं. बस्स. हट्टी गिऱ्हाईकच नसेल तर नवी वही कोरीच राहणार. तिने फाइली वाचायचा वेग वाढत नाही आणि साधं कॉपी-पेस्टही पळत नाही.

आणि मी काय केलं होतं? काकांना शिकवलं होतं, 'न लिहिताच लिहिलं म्हणा.' लाइट गेल्यावर झेडएफएसचा पूल धडधाकट होता, तो असा बिघडत नाही. पण डेटाबेसला ज्या नोंदी 'लिहिल्या' म्हणून सांगितल्या होत्या त्या कुठेच नव्हत्या, आणि यूपीएसवरचा डेटाबेस त्या आहेत असं धरून पुढे लिहीत सुटला. म्हणूनच 'यूपीएस जोडा आणि सेटिंग तसंच ठेवा' हेही मला पटत नाही. यूपीएस लाइट सांभाळतो. कर्नल कोसळला, पॉवर सप्लाय जळाला, कुणाचा पाय केबलला लागला, तर यूपीएस काय करणार?

हा प्रश्न नवाही नाही. सनच्याच एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत नियम होता, की डेटा कायमच्या जागी पोचल्याशिवाय सर्व्हरने होकार द्यायचा नाही. त्यामुळे सर्व्हर इतके रखडायचे की बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीची खास कार्डं विकली जाऊ लागली. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत सोय झाली, की आधी भराभर पाठवा आणि शेवटी एकदा 'आता पक्कं करा' म्हणा. वेग वाढला, पण वचन कायम राहिलं.

म्हणून कार्ड घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला : हट्टी गिऱ्हाईक आहे का? शेअर फोल्डरवर फाइल टाकताना असा हट्ट सहसा नसतो. डेटाबेस आणि एनएफएसवर ठेवलेल्या व्हर्च्युअल मशीन मात्र पक्क्या हट्टी.

दुसरा : रखडतंय ते त्यामुळेच का? ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून जास्त. प्रत्येक छोट्या नोंदीसाठी तिची वाट बघायची तर रांग लागणारच. पण हे अंदाजाने ठरवू नका. सुट्टीच्या दिवशी खोटा डेटा घेऊन, वेगळ्या डेटासेटवर, दहा मिनिटं सिंक बंद करून बघा. फरक पडला नाही तर जगातलं कुठलंही लॉग कार्ड तुम्हाला वाचवणार नाही; दुखणं दुसरीकडे आहे. माझं सेटिंग तपासणीपुरतं ठीक होतं. मी त्यालाच औषध समजलो.

तिसरा : शेवटचे पाच सेकंद गेले तर कुणाचं काय जाईल? सिनेमा कॉपी होत असेल तर काही नाही, पुन्हा कॉपी करा. सबमिशन असेल तर एखाद्याची टर्म.

आम्ही हा प्रयोग केला. शेअर फोल्डरवर काडीचा फरक नाही. व्हर्च्युअल मशीनवर जमीन-अस्मानाचा. म्हणून माझं मत : शेअर फोल्डरसाठी एक रुपयाही नको, व्हर्च्युअल मशीनच्या पूलसाठी कार्ड जरूर घ्या. पण तेही बघून. मोठं नको. १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी येतात. ५ सेकंदांचे झाले ६२५ एमबी. दुप्पट धरा, तिप्पट धरा, १६ जीबीत सगळं आरामात मावतं. पाहायचं ते हे, की लाइट गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती ऊर्जा देणारे कपॅसिटर त्यात आहेत का, आणि सतत लिहिण्याचा मार ते सोसेल का. गेमिंगच्या पीसीतून काढलेली स्वस्त एसएसडी इथे चालणार नाही. लाइट गेल्यावर जिची शाई उडते अशी कच्ची वही काय कामाची?

कार्ड येईपर्यंत सेटिंग मी मूळपदावर आणलं आहे. पोर्टल पुन्हा रडतखडत चालतंय आणि जाता-येता टोमणे ऐकतोय. चालेल. सबमिशनच्या रात्री चक्र गरगर फिरताना दिसलं, तर मित्रांनो, मला शिव्या घाला. पण एवढं समजा की आतमध्ये कुणीतरी खरंच लिहितंय. 'जमा झाले' हे दोन शब्द उशिरा आले तरी चालतील, खोटे यायला नकोत.