हाताला लागेल तो दगड?

रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि ती कोरणाऱ्यांबद्दल दोन मते हिरीरीने मांडली जाऊ लागली. पहिले मत असे : उक्षीचा हत्ती कोरणे रानटी शिकाऱ्यांना जमणारच नाही, कोणी प्रगत लोक येऊन गेले असणार. दुसरे : असतील शिकारी, पण हाताला लागेल तो दगड उचलायचा आणि काम झाले की भिरकावायचा, एवढीच त्यांची अक्कल. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच, की भटक्याला नियोजन ठाऊक नसते. ती साफ खोटी आहे.

सडा जांभ्याचा. चिरे काढायला जांभा उत्तम. पण त्यावर गोट्याने घाव घाला, तो भुगा देतो, धार देत नाही. धारेला गारगोटी, अकीक, चर्ट अशी घट्ट, बारीक पोताची जात लागते. ती मिळते काळ्या दगडाच्या पोकळ्यांत, नदीच्या गोट्यांत. सड्यावर अकिकाचे पाते सापडले, तर ते कोणीतरी ठरवून वर आणलेले असते.

घडणही पाहा. आधी गोट्याचे टोक उडवून सपाट बैठक करायची. तिच्या कडेशी नेमक्या कोनात घाव बसला की छिलका सुटतो. घावाखाली फुगवटा आणि त्यापुढे वलये उमटतात. मध्याश्मयुगात मुठीएवढ्या गाभ्यातून अनेक इवली पाती काढत, एक कड मुद्दाम बोथट करत आणि लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवत. एक तुटले तर तेवढेच बदलायचे, दांडा तोच.

हाताला लागेल तो दगड त्यांनी कधी वापरलाच नाही, असे माझे म्हणणे नाही. अलास्कातल्या नुनामियुट शिकाऱ्यांमध्ये राहून लुईस बिनफर्ड यांनी दाखवले, की जपून बाळगायची अवजारे आणि जागीच करून टाकून द्यायची अवजारे एकाच टोळीत असतात. कुठे काय भागेल हे ओळखणे, हेच तर नियोजन.

आणि ही परंपरा कालपरवाची नव्हे. गुहागर तालुक्यात पालशेतजवळच्या सुसरोंडी गुहेतून डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी थेट अश्यूलियन, म्हणजे पुराश्मयुगातली, हत्यारे नोंदवली आहेत.

तेव्हा सड्यावर हिंडणाऱ्यांनो, देखणे पाते खिशात घालू नका आणि भोवतीच्या कपच्या कचरा समजून पायाने सारू नका. हत्यार कुठे घडवले, कुठे वापरले, कुठे टाकले, हे त्या कपच्यांच्या जागेवरूनच कळते. जागा टिपून ठेवा, फोटो काढा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.