चुलीजवळचा नाग

नागपंचमीला आपल्याकडे पाटावर किंवा भिंतीवर हळद-चंदनानं नाग काढतात, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवतात. असाच एक नाग इटलीतल्या पॉम्पेईत आहे, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा!

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली हे रोमन शहर गाडलं गेलं. तिथं ‘वेत्तींचं घर’ म्हणून ओळखला जाणारा एक वाडा आहे. त्याच्या स्वयंपाकघराजवळच्या छोट्या चौकात भिंतीवर देवघर रंगवलंय. मधोमध घरधन्याचा रक्षक देव, डोक्यावरून वस्त्र घेतलेला. दोन्ही बाजूंना लारेस, म्हणजे नाचणारे गृहदेव. आणि खाली, वळणं घेत नैवेद्याकडे निघालेला जाडजूड नाग. हा भीती घालणारा नाही, घराला बरकत देणारा. दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी पुराणकथांची भारी चित्रं, घरचे देव मात्र चुलीपाशी. मला हे फारच आपलं वाटलं.

आपला जिवतीचा कागदही श्रावणात देवघरापाशीच लागतो ना? त्यातही कालियाच्या फण्यावर कृष्ण असतो. मागणं एकच, लेकरं सुखरूप राहू देत. पॉम्पेईतल्या आयांनीही तेच मागितलं असेल. ती माणसं गेली, भिंतीवरचा नाग राहिला.

आपला हळदीचा नाग पुसला जातो, दरवर्षी नव्यानं काढावा लागतो. दिल्लीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालक भिंतीला हात लावू देत नसतील, तर पाट घ्या. यंदा मुलांना काढू द्या. फणा वाकडा झाला तरी चालेल.