परसातील खोली : मुभा आणि मर्यादा

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून परसबागेत स्वतंत्र खोली उभारण्याचा विचार पुष्कळदा निघतो. कोणाला घरून करावयाच्या कामासाठी शांत जागा हवी असते, कोणाला स्वाध्यायासाठी निवांत कोपरा, तर कोणाच्या मनात भारतातून येणाऱ्या आईवडिलांची सोय असते. तयार लाकडी खोली अल्पावधीत उभी राहते आणि ‘परवानगी नको’ असे आश्वासनही मिळते. हे आश्वासन कोठवर खरे, हे पैसे देण्यापूर्वी पाहिलेले बरे.

इंग्लंडमध्ये २०१५ च्या शासकीय आदेशाने घरमालकांना काही बांधकामांची मुभा दिली आहे. तिला ‘परमिटेड डेव्हलपमेंट’ म्हणतात. या मुभेत बसणारी खोली एकमजली असावी, घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे नसावी आणि तिच्या वळचणीची उंची २.५ मीटरहून अधिक नसावी. छप्पर दुपाखी असल्यास एकूण उंची ४ मीटरपर्यंत, अन्यथा ३ मीटरपर्यंत चालते. मात्र खोली हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल, तर एकूण उंची २.५ मीटरच. लहान परसात बहुधा हीच अट लागू होते.

मूळ घर वगळून उरलेल्या आवाराचा निम्म्याहून अधिक भाग बांधकामाने व्यापता कामा नये. ‘मूळ घर’ म्हणजे १ जुलै १९४८ रोजी होते तसे, किंवा त्यानंतरचे असल्यास प्रथम बांधले तसे. म्हणून पूर्वीच्या मालकाने केलेली वाढ आणि जुनी शेडही या हिशेबात येतात. फ्लॅटधारकांना ही मुभा नाही. वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतीच्या आवारात परवानगी घ्यावीच लागते. काही नव्या वसाहतींत मूळ परवानगीच्या अटींनीच ही मुभा काढून घेतलेली असते. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

खरी अडचण मापांपेक्षा वापराची आहे. खोलीचा उपयोग घराला पूरक असला पाहिजे. अभ्यासिका, व्यायाम, छंद हे चालते. नित्याचे शयनगृह, स्वयंपाकघर किंवा स्वतंत्र बिऱ्हाड या मुभेत बसत नाही. त्यासाठी कौन्सिलकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

चाकांवरच्या किंवा उचलून नेता येणाऱ्या घराचा मार्ग निराळा आहे. कायद्याच्या व्याख्येतील ‘कॅरॅव्हॅन’ दोन भागांची असल्यास २० मीटर लांब व ६.८ मीटर रुंद असू शकते. ती खरोखर हलवता येण्याजोगी असावी आणि मुख्य घराचाच भाग म्हणून वापरात असावी. तेथे वेगळा संसार थाटला, तर जमिनीचा वापर बदलला असे मानले जाऊ शकते.

बांधकाम सुरक्षेचे नियम याहून स्वतंत्र आहेत. १५ चौरस मीटरपर्यंतची, झोपण्याची सोय नसलेली खोली त्यांतून सामान्यतः वगळली जाते. १५ ते ३० चौरस मीटरच्या खोलीला हीच सवलत हवी असेल, तर ती हद्दीपासून किमान १ मीटर दूर किंवा मुख्यतः न जळणाऱ्या साहित्याची हवी. विजेच्या कामाला मात्र नियम लागतातच.

शंका असल्यास कौन्सिलकडून कायदेशीरपणाचे प्रमाणपत्र घ्यावे. पुढे घर विकताना खरेदीदाराच्या वकिलाचा प्रश्न त्याने सहज मिटतो. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये बेकायदा बांधकामावर कारवाईची सर्वसाधारण मुदत दहा वर्षांची झाली आहे. चार वर्षे गप्प राहिल्यास सुटका होते, हा जुना हिशेब आता धरू नये. आराखडा शेजाऱ्यांना आधी दाखवावा. सक्ती नसली तरी अनेक तक्रारी तेथेच विरतात.

उरतो आईवडिलांचा प्रश्न. परवानगी मिळाली तरी थंडीच्या रात्री ओल्या हिरवळीतून घरात यावे लागणे वडीलधाऱ्यांना सोसेल का, हे आपणच ठरवायचे आहे. त्यापेक्षा कामाचे टेबल परसात न्यावे आणि घरातील रिकामी झालेली खोली त्यांना द्यावी. यात नियमांचीही अडचण येत नाही, आणि आईवडील घराच्या उंबऱ्याच्या आत राहतात.