आरोग्यमित्राला आधी भेटा

हृदयाचं ऑपरेशन किंवा डायलिसिस सांगितलं की घरात पहिला विषय निघतो तो पैशांचा. कुणी दागिने मोडायला निघतं, कुणी जमीन गहाण टाकायला. जरा थांबा. दवाखान्यात पैसे भरण्याआधी, सरकारी आरोग्य योजनेचं काम पाहणारा आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. २०२३ च्या निर्णयाने पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती खुली झाली आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ठरलं. अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस हे सगळं तिच्यात येतं. फक्त दवाखाना योजनेतला हवा. तो कोणता, हे १५५३८८ वर फोन करून विचारता येतं.

गाडी अडते ती बहुधा कागदावर. रेशनकार्डावर ‘सखुबाई’, आधारवर ‘सखू’. सून येऊन चार वर्षं झाली, तिचं नाव अजून चढलेलंच नाही. रुग्ण आयसीयूत असताना तहसील कार्यालयात खेटे घालण्यापेक्षा हे काम याच आठवड्यात उरका.

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, दर वेळी चारेक तास. रुग्णाबरोबर सोबत्याचीही मजुरी बुडते, म्हणून लोक एखादी फेरी चुकवतात. तसं करू नका. अंगात पाणी साठतं, धाप लागते, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना मोफत प्रवासाची सवलत आहे, रेल्वेतही सूट मिळते. दवाखान्याचा दाखला मागून घ्या. आणि डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेल्या हातावर बीपी मोजू देऊ नका, डायलिसिसखेरीज सुई टोचू देऊ नका. समोर डॉक्टर असले तरी स्पष्ट सांगा. तो हात गेला तर डायलिसिसची वाटच अडते.

छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ लावा. शुगर-बीपीवाल्यांनी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासावं. किडनी बिघडली तरी बराच काळ दुखत नाही.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात डायलिसिसची सोय नसेल, तर ग्रामसभेत ठराव मांडा. आणि योजनेतला दवाखाना पैसे मागत असेल, तर १५५३८८ वर तक्रार करा, तिचा नंबर लिहून घ्या.