सगळ्याच कात्र्या मॅग्नेशियमच्या नव्हेत

संपादक महोदय,


‘मॅग्नेशियमवाचून आरएनए कापला जात नाही’ हे आपल्या गेल्या अंकातील लेखाचे ठाम विधान साफ चूक आहे. या विषयातला सर्वांत जुना, पाठ्यपुस्तकी दाखला म्हणजे गाईच्या स्वादुपिंडातील आरएनएज ए हे आरएनए कापणारे विकर. त्याला धातू लागतच नाही. त्याच्या १२ आणि ११९ क्रमांकांच्या हिस्टिडिनांपैकी एक प्रोटॉन काढून घेते, दुसरे देते, काम फत्ते. ईडीटीए घालून सगळे मॅग्नेशियम जखडून ठेवले, तरी हा पठ्ठ्या आरएनए फस्त करतो. हातमोजे घालायला विसरलेल्या कोणाही संशोधक विद्यार्थ्याला विचारावे.

आरएनएज एचपुरते लेखकाचे म्हणणे खरे, पण अर्धेच. तिथे एक नव्हे, दोन आयन लागतात, एकमेकांपासून सुमारे ४ अँगस्ट्रॉमवर. एक पाण्याच्या रेणूला फॉस्फरसवर चाल करायला सज्ज करतो, दुसरा तुटणाऱ्या टोकावरचा ऋणभार सावरतो. म्हणजे घाव पाण्याचा; धातू फक्त तयारी करून देतो. शिवाय ‘कोणताही द्विभारित धातू चालेल’ हेही खोटे. मँगनीज चालते, पण भार तेवढाच असूनही कॅल्शियम बसले की विकर अडते.

राहता राहिले ‘विकरे म्हणजे प्रथिनेच’. आरएनएही उत्प्रेरक असतो हे दाखवल्याबद्दल सिडनी ऑल्टमन व थॉमस चेक यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही १९८९ मध्ये. दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

आपला,
जीवरसायनाचा एक निवृत्त शिक्षक, पुणे