इमारतींना जोडणारी तार तांब्याची नको



गृहनिर्माण संस्थांमध्ये वेगवेगळ्या इमारतींतले सीसीटीव्ही कॅमेरे एकाच एनव्हीआरवर (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) आणण्याकडे सध्या कल आहे. हेतू रास्तच आहे. चोर एका इमारतीच्या जिन्याने उतरून दुसरीच्या मागून पसार होतो, तेव्हा चार ठिकाणचे चार डीव्हीआर चाळत बसण्यापेक्षा सगळे एका पडद्यावर दिसणे केव्हाही चांगले. मात्र हे काम अनेक ठिकाणी या गच्चीवरून त्या गच्चीवर कॅट-६ ही तांब्याची केबल ओढून उरकले जाते, आणि घोडे तिथेच पेंड खाते. इमारतीच्या आत तांब्याची केबल योग्यच; पण दोन इमारतींच्या मधल्या टप्प्यात फायबर केबलच हवी.

तांब्याच्या केबलवर इथरनेट १०० मीटरपर्यंतच चालते, हे कारण सगळे सांगतात. मला ते दुय्यम वाटते, कारण दोन विंगमधले अंतर बहुधा त्याहून कमीच असते. खरा धोका अर्थिंगचा आहे. प्रत्येक इमारतीचे अर्थिंग स्वतंत्र असते. जवळपास वीज कोसळली की तिचा प्रवाह जमिनीत पसरतो आणि दोन अर्थिंगमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. मध्ये तांबे असेल तर प्रवाहाला आयती वाट मिळते आणि दोन्ही टोकांचे नेटवर्क स्विच जळू शकतात. इथरनेट पोर्टमधले ट्रान्सफॉर्मर साधारण १५०० व्होल्टचा ताण सोसतील असे बनवतात; विजेपुढे तेवढे पुरत नाही. त्यासाठी वीज आपल्याच इमारतीवर पडायला हवी असेही नाही, आणि वळवाच्या व परतीच्या पावसात महाराष्ट्रात विजा काही कमी पडत नाहीत. कॅमेरे सुटे होते तोवर एका इमारतीचे नुकसान तिथेच थांबत होते. तांब्याने जोडल्यावर ते एनव्हीआरपर्यंत पोचू शकते, आणि एनव्हीआर गेला की सगळ्याच इमारतींचे चित्रण बंद. फायबरमधून फक्त प्रकाश जातो. काच वीज वाहून नेत नाही.

यावर ‘सर्ज प्रोटेक्टर बसवला आहे’ असे उत्तर मिळते. तो जरूर बसवावा. पण त्याची सारी भिस्त अर्थिंगवर, आणि वर्षानुवर्षे न तपासलेल्या अर्थिंगवर त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. इंटरनेटच्या निमित्ताने फायबर आता घराघरांत आली आहे, तिचे स्प्लायसिंग (जोडकाम) करणारे कारागीर लहान शहरांतही मिळतात. इमारतींमधल्या प्रत्येक दुव्याला फायबर आणि तांब्याची केबल यांची सांगड घालणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लागतात. हा खर्च एकदाच होतो आणि जळालेले एनव्हीआर व स्विच बदलण्याच्या मानाने तो जड नाही. एक काळजी मात्र घ्यावी. आर्मर्ड केबलमध्ये पोलादी आवरण असते, घरी येणाऱ्या काही फायबर केबलींमध्ये आधाराची पोलादी तार असते. तशी केबल घेतली तर धातू मागच्या दाराने परत आला. म्हणून धातूविरहित केबलच मागावी. मध्ये सार्वजनिक रस्ता असेल तर वायरलेस दुवा चालेल, पण त्याला दोन्ही टोके एकमेकांना थेट दिसावी लागतात. मधले झाड वाढले की चित्र अडखळते.

जोडलेल्या जाळ्यात वीज शिरते तसा घुसखोरही शिरतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आले तेच पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत केल्या. एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षाचाचणी सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे भिंतींवरचे जुने कॅमेरे सुरक्षित होत नाहीत, आणि संस्था जोडणार आहेत त्यांत जुनेही असणारच. म्हणून कॅमेऱ्यांचे जाळे संस्थेच्या कार्यालयातील इंटरनेटपासून वेगळे ठेवावे आणि प्रत्येक पासवर्ड बदलावा. सदस्यांना मोबाइलवर चित्र दिसण्याची सोय कमी झाली तरी हरकत नाही.

व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे की, कोटेशनवर सही करण्याआधी दोन इमारतींमध्ये कोणती केबल टाकणार, हे ठेकेदाराकडून लेखी घ्यावे. तिथे कॅट-६ लिहिलेले असेल तर ते कोटेशन परत पाठवावे.

– एक वाचक, ठाणे