खप म्हणजे न्याय नव्हे

शिकागोच्या 'विल्को' या बँडच्या 'यांकी होटेल फॉक्सट्रॉट' या अल्बमची गोष्ट रॉकप्रेमींच्या गप्पांत व्रतकथेसारखी सांगितली जाते. २००१ साली बँडनं तयार अल्बम 'रिप्रीझ' या कंपनीला दिला. तो चालेल असं कंपनीला वाटेना. बँड बदल करायला तयार नव्हता. शेवटी ते आपली गाणी घेऊन बाहेर पडले आणि सप्टेंबरात त्यांनी ती स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवली. पुढे 'नॉनसच'नं अल्बम विकत घेऊन एप्रिल २००२मध्ये बाजारात आणला. गंमत म्हणजे दोन्ही कंपन्या वॉर्नरच्याच. एकाच मालकानं एकाच अल्बमचे दोनदा पैसे मोजले! अमेरिकेत पाच लाखांहून जास्त प्रती गेल्या. कहाणी सुफळ संपूर्ण.

माझं भांडण या सुफळाशी आहे. अल्बम खपला म्हणून रिप्रीझ मूर्ख ठरली, असं आपण म्हणतो. मग पाच हजारच प्रती गेल्या असत्या, तर ती शहाणी ठरली असती का? त्या साध्या, सुरेल चाली, त्यांच्यावरची खरखर, शॉर्टवेव्ह रेडिओवर सांकेतिक शब्द वाचणारा तो बाईचा आवाज, हे सगळं पहिली प्रत विकली जाण्याआधीही तितकंच चांगलं होतं. आपण कलेची बाजू घेतो आणि निकालासाठी तराजू मात्र कंपनीचाच वापरतो.

पैसे घालणाऱ्यानं धंदा बघू नये, असं मी म्हणत नाही. 'आम्हाला हे विकता येणार नाही' हे प्रामाणिक वाक्य आहे. 'लोकांना हे नकोय' ही थाप आहे, कारण लोकांना कुणी विचारलेलंच नसतं.

ही थाप मी ऑफिसात ऐकली आहे. नेटवर्क नसलेल्या गावातही आमचं अ‍ॅप चालावं म्हणून आम्ही चौघं आठ महिने खपलो. एका मीटिंगमध्ये 'युजरला हे नकोय' म्हणून ते बंद झालं. पुढच्या महिन्यात अप्रेझल होतं; मीही मान डोलावली. विल्कोसारखा आकडा दाखवून मला कुणाचं तोंड बंद करता येणार नाही. पण काम चांगलं होतं.

मराठीत 'खपणं' म्हणजे विकलं जाणं, तसंच राबणंही. हिशोब मात्र आपण पहिल्याचाच ठेवतो.